एकाच गादीवर : कोदोकानमधल्या स्त्रियांची वाटचाल

ज्युदोच्या अधिकृत स्पर्धेत पुरुष विरुद्ध स्त्री अशी लढत होत नाही. सरावाच्या गादीवर मात्र ती जगभर रोज होते. या मुक्त सरावाला 'रांदोरी' म्हणतात. समोरासमोर उभं राहून वाकून नमस्कार करायचा, एकमेकांची गळपट्टी आणि बाही पकडायची आणि तोल घालवून समोरच्याला पाठीवर आपटायचं. आज पुष्कळ दोजोंमध्ये, म्हणजे ज्युदोच्या तालमींमध्ये, जोडीदार निवडताना वजन, वय आणि पट्टा पाहतात. समोर पुरुष आहे की स्त्री, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही स्थिती यायला फार काळ लागला. टोकियोतली कोदोकान ही ज्युदोची मातृसंस्था 1882 मध्ये सुरू झाली. तिच्या मुख्य गादीवर पुरुषांबरोबर सराव करायला एका स्त्रीला परवानगी मिळाली, ती 1962 मध्ये. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा तिथे भरली, ती 1978 मध्ये. या दोन तारखांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी गादी एक झाली आणि मग स्पर्धेचं दार उघडलं. स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी लढावं की नाही, या वादाचं उत्तर या संस्थेच्या इतिहासात सापडतं, असं माझं मत आहे.

बारा तातामींची तालीम

संस्थापक जिगोरो कानो यांचा जन्म 1860 मध्ये कोबेजवळच्या मिकागे गावातला. घर साके मद्य बनवणाऱ्या सधन कुटुंबाचं. शिक्षणासाठी टोकियोला आलेला हा मुलगा बुद्धीने तल्लख होता, पण अंगाने किरकोळ. वसतिगृहातल्या दांडग्या मुलांचा त्रास सोसून त्याने जुजुत्सू ही जुनी युद्धविद्या शिकायचं ठरवलं. त्या वेळी जपान पाश्चात्त्य वळणावर धावत होता आणि जुन्या युद्धविद्यांना उतरती कळा लागली होती. कानो यांना हाचिनोसुके फुकुदा हे तेंजिन शिन्यो परंपरेचे गुरू भेटले. पुढे त्यांनी कितो परंपराही आत्मसात केली. विद्यापीठातलं शिक्षण संपलं आणि 1882 मध्ये टोकियोच्या एइशोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात त्यांनी स्वतःची तालीम उघडली. जागा बारा तातामींची, म्हणजे बारा चटया मावतील एवढी. पहिल्या वर्षी विद्यार्थी आले नऊ.

कानो यांनी जुन्या विद्येत जो बदल केला, तो आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. जुजुत्सूमधले जीवघेणे प्रहार आणि घातक मुरगळे त्यांनी मुक्त सरावातून वगळले. पडायचं कसं, हे आधी शिकवलं. त्यामुळे उरलेले डाव विद्यार्थी पूर्ण ताकदीने, कुणाला जायबंदी न करता, रोज करू शकले. दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी ताकदीपेक्षा तोलाचा विचार पुढे आणला. समोरच्याने ढकललं तर आपण ओढायचं, ओढलं तर ढकलायचं आणि तोल सुटला त्या क्षणी डाव टाकायचा. शक्तीचा उत्तम वापर आणि परस्परांचं कल्याण ही दोन सूत्रं त्यांनी पुढे शब्दबद्ध केली.

ज्या विद्येत लहानाने मोठ्याला पाडणं शक्य मानलं आहे, तिच्यात स्त्रीला जागा नाही असं म्हणता येणार नाही. कानो यांना हे पटलं होतं. मात्र जे पटलं होतं, तिथवर त्यांची संस्था पोचायला बराच काळ जावा लागला.

वेगळा वर्ग

कोदोकानच्या इतिहासात पहिल्या विद्यार्थिनीचं नाव नोंदलं आहे ते सुएको आशिया यांचं, साल 1893. कानो यांनी घरातल्या स्त्रियांनाही शिकवलं. पण स्त्रीदेहाविषयी त्या काळात सगळीकडे होती तीच धास्ती त्यांनाही होती. आदळआपट सोसेल का, मूल होण्यात अडचण येईल का, अशा शंका डॉक्टरही काढत. म्हणून सुरुवातीच्या विद्यार्थिनींना शिकवताना कानो त्यांची वैद्यकीय तपासणी करून घेत आणि व्यायाम हळूहळू वाढवत. एवढ्या काळजीने पुढे जाणारा शिक्षक त्या काळात विरळाच.

1926 मध्ये कोदोकानमध्ये 'जोशी-बू' हा स्त्रियांचा विभाग रीतसर सुरू झाला. कानो यांची थोरली मुलगी नोरिको वातानुकी हिने पुढे तो सांभाळला. विभाग झाला, शिक्षक आले, पट्टे मिळू लागले. पण दोन गोष्टी नव्हत्या. पुरुषांबरोबर सराव नव्हता आणि स्पर्धा नव्हती. स्त्रियांचा भर 'काता'वर होता. काता म्हणजे दोघांनी ठरलेल्या क्रमाने करायचा डावांचा पाठ. एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा. त्यातला 'जू-नो-काता' स्त्रियांच्या विभागात विशेष शिकवला जाई, कारण त्यात शेवटी आपटणं नसतं.

स्पर्धा का नको, याचं कानो यांचं कारण फक्त स्त्रियांपुरतं नव्हतं. जिंकण्याच्या नादात पुरुष वाकून, ताठरून, ताकदीने झुंजतात आणि ज्युदोचा गाभा हरवतो, अशी तक्रार ते पुरुषांच्या लढतींबद्दलही करत. खरा ज्युदो बघायचा तर स्त्रियांच्या विभागात जा, असं ते म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. हा मोठा सन्मान होता, पण त्यातच अडचणही होती. पुरुषांना चुका करत, हरत-जिंकत शिकण्याची मुभा होती, आणि स्त्रियांकडे मात्र शुद्धता जपण्याचं काम आलं होतं.

त्याच सुमारास जपानमध्येच वेगळं चित्रही दिसत होतं. सारा मेयर ही इंग्रज स्त्री 1934 मध्ये जपानला आली आणि कोबे व क्योटोमध्ये पुरुषांबरोबरच सराव करू लागली. फेब्रुवारी 1935 मध्ये क्योटोच्या बुतोकुकाई या संस्थेने तिला काळा पट्टा दिला. असा मान मिळवणारी ती पहिली बिगर-जपानी स्त्री. ती पाहुणी होती, म्हणून तिच्यासाठी रिवाज बाजूला ठेवता आला. जपानी मुलींसाठी ते झालं नाही.

आपल्या देशाचा धागाही याच काळातला. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी हे कोदोकानचे ज्युदोपटू 1929 मध्ये शांतिनिकेतनला आले. तिथे मुलांबरोबर मुलीही ज्युदो शिकल्या. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांच्यापैकी एक. भारतातल्या भद्र घरच्या मुली त्या काळात अंगाला अंग भिडवणारी विद्या शिकत होत्या, ही आपल्या क्रीडा-इतिहासातली अभिमानाची नोंद आहे. आपण ती पुरेशी आठवत नाही.

पाचव्या पायरीवरचा मुक्काम

1935 मध्ये केइको फुकुदा ही तरुणी स्त्रियांच्या विभागात दाखल झाली. कानो यांच्या पहिल्या गुरूंची, हाचिनोसुके फुकुदांची, ती नात. कानो यांनी स्वतः तिला बोलावलं होतं. उंची पाच फुटांहून कमी. चहा, पुष्परचना, सुलेखन हे घरंदाज मुलीचं शिक्षण झालेलं. विभागात तेव्हा दोन डझन मुली होत्या. 1938 च्या मे महिन्यात कानो वारले. कैरोहून ऑलिंपिक समितीची बैठक आटोपून परतताना बोटीवरच त्यांनी प्राण सोडला. आपली विद्या जगभर न्या, हे त्यांचं सांगणं केइकोबाईंनी आयुष्यभर पाळलं. लग्न केलं तर ज्युदो सुटणार हे दिसत होतं. त्यांनी ज्युदो निवडला.

1953 मध्ये त्या पाचव्या दानापर्यंत पोचल्या. काळ्या पट्ट्याच्या पुढच्या पायऱ्यांना दान म्हणतात. तिथे त्या जवळजवळ वीस वर्षं थांबल्या, कारण स्त्रीला त्यापुढची पायरी देण्याची कोदोकानमध्ये रीतच नव्हती. त्यांच्याहून तरुण पुरुष विद्यार्थी पुढे निघून गेले. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला. पुरुष पदकांसाठी लढले आणि केइकोबाईंनी काताचं प्रात्यक्षिक दिलं. त्या वेळची स्त्रियांची जागा यावरून कळते. काळ्या पट्ट्याच्या मधोमध लांबीभर शिवलेली पांढरी पट्टीही तेच सांगत असे. ती पट्टी फक्त स्त्रियांच्या पट्ट्यावर असायची.

1972 मध्ये कोदोकानने आपली रीत बदलली आणि केइकोबाईंना सहावा दान मिळाला. 2006 मध्ये कोदोकाननेच त्यांना नववा दान दिला. त्या तोवर सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावल्या होत्या आणि तिथल्या स्त्रियांच्या क्लबमध्ये शिकवत होत्या. 2011 मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला. 2013 मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. एकही स्पर्धा न लढता त्यांनी विद्येचं शिखर गाठलं, हे खरं. पण ती स्पर्धा न लढणं त्यांच्या हातात नव्हतं, हेही तितकंच खरं.

यूटिकाचं पदक

1959 साल. न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका गावी वायएमसीएची सांघिक ज्युदो स्पर्धा होती. ब्रुकलिनच्या संघातला एक पुरुष खेळाडू जखमी झाला आणि त्याच्या जागी रीना ग्लिकमन ही तरुणी उतरली. केस कापलेले, छाती पट्टीने आवळून बांधलेली. तिने समोरच्या पुरुषाला हरवलं. संघ जिंकला, गळ्यात पदक पडलं. मग आयोजकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, तू स्त्री आहेस का? तिने खरं सांगितलं आणि पदक परत द्यावं लागलं.

तिला पुरुषांविरुद्ध लढायची हौस नव्हती. स्त्रियांसाठी स्पर्धाच नव्हती, म्हणून ती पुरुषांच्या स्पर्धेत शिरली. पुरुष विरुद्ध स्त्री या लढतींच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. हरियाणातल्या बलालीच्या फोगाट बहिणी मुलांशी कुस्ती खेळल्या, कारण गावात जोडीला मुलीच नव्हत्या. बाहेरून आव्हान वाटतं ते आतून बहुतेक वेळा नाइलाज असतो.

रीना 1962 मध्ये जपानला गेली. कोदोकानने तिला स्त्रियांच्या विभागात पाठवलं. तिथे तिला तोडीस तोड जोडीदार उरला नाही, तेव्हा संस्थेने आपला दंडक मोडला आणि तिला पुरुषांच्या मुख्य गादीवर घेतलं. असा सराव करणारी ती पहिली स्त्री. पुढे र्योहेइ कानोकोगी या ज्युदोपटूशी तिचं लग्न झालं आणि जग तिला रस्टी कानोकोगी म्हणून ओळखू लागलं.

यूटिकातला आपला राग तिने कामाला लावला. स्वतःचं घर गहाण ठेवून तिने 1980 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवली. 27 देश आले. मग तिने ऑलिंपिकचा पाठपुरावा केला. 1988 मध्ये सोलला स्त्रियांचा ज्युदो प्रात्यक्षिक खेळ म्हणून आला आणि 1992 मध्ये बार्सिलोनाला पदकांचा खेळ झाला. 2009 मध्ये वायएमसीएने तिचा सत्कार करून तिला पदक दिलं. त्याच वर्षी तिचं निधन झालं.

मुलांना पाडणारी मुलगी

कोदोकाननेही पाऊल उचललं होतं. 1978 च्या जुलैमध्ये स्त्रियांची पहिली अखिल जपान वजनगट स्पर्धा कोदोकानमध्येच झाली. 50 किलो गटात तेरा वर्षांची काओरी यामागुची विजेती ठरली आणि पुढे सलग दहा वर्षं तिने हे विजेतेपद सोडलं नाही. लहानपणापासून ती मुलांबरोबर शिकली होती, कारण ज्युदोच्या वर्गात मुली जवळजवळ नसत. 1980 च्या न्यूयॉर्कच्या स्पर्धेत अंतिम लढतीत ब्रिटनच्या जेन ब्रिजने तिला हरवलं. 1984 मध्ये व्हिएन्नात ती जपानची पहिली जगज्जेती झाली. 1986 पासून स्त्रियांची वजनगटाविना, सम्राज्ञी चषकाची स्पर्धाही सुरू झाली. त्यानंतरच्या पिढीत र्योको तामुरा आली. सोळाव्या वर्षी बार्सिलोनात रौप्य, मग अटलांटात रौप्य, सिडनी आणि अथेन्समध्ये सुवर्ण आणि एकूण सात जागतिक विजेतेपदं.

इथे वाटचालीतली एक काळी नोंदही केली पाहिजे. 2013 च्या आरंभी उघड झालं, की जपानच्या पंधरा स्त्री ज्युदोपटूंनी राष्ट्रीय संघातल्या मारहाणीची आणि अपमानाची तक्रार देशाच्या ऑलिंपिक समितीकडे केली होती. मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं. यामागुची या खेळाडूंच्या बाजूने ठामपणे उभ्या राहिल्या. गादी एक झाली, तरी गादीवरची सत्ता एकाच हातात राहिली की काय होतं, हे त्या प्रकरणाने दाखवलं. एकत्र सरावाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी ऐकून घ्यायला हवी. मुलीला 'नाही' म्हणण्याचा हक्क आणि तक्रारीची जागा नसेल, तर एकत्र सराव तिच्यासाठी संधी राहत नाही.

गट वेगळे, गादी एक

मग स्पर्धेतही स्त्री-पुरुष एकमेकांविरुद्ध का नकोत? ताकद महत्त्वाची नाही, असं ज्युदोच सांगतो ना? याचं उत्तर ज्युदोने पुरुषांच्याच बाबतीत आधी दिलं आहे. सुरुवातीला वजनगट नव्हते. 1961 मध्ये पॅरिसला नेदरलँड्सचा धिप्पाड अँटन खेसिंक पहिला बिगर-जपानी जगज्जेता झाला. 1964 च्या ऑलिंपिकमध्ये वजनगट आले आणि खुल्या गटाचं सुवर्णही खेसिंकनेच नेलं. कौशल्य जवळपास सारखं असलं की वजन निर्णायक ठरतं, हे ज्युदोने मान्य केलं. सारख्या वजनाच्या पुरुषाच्या खांद्यांत आणि पंजांत सरासरीने अधिक ताकद असते आणि ज्युदोची निम्मी लढाई पकडीची असते. म्हणून स्त्रियांचे वेगळे गट हे त्याच न्यायाचं पुढचं पाऊल आहे. त्यात कमीपणा नाही.

सरावाचा हिशेब वेगळा आहे. तिथे निकाल लागत नाही. जड, बळकट जोडीदार समोर आला की मुलीला ताकदीने काही साधत नाही. पावलांची वेळ अचूक साधावी लागते. हलकी जोडीदार समोर आली की मुलाला ताकद बाजूला ठेवून तोलाचा विचार करावा लागतो, आणि तो करताना आपला डाव किती कच्चा होता ते त्याला कळतं. कानो जे सूत्र सांगत होते, ते या जोडीत दोघांनाही शिकावंच लागतं. स्त्रियांना पुरुषांच्या गादीपासून दूर ठेवण्यात नुकसान दोघांचं झालं, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि एक जागा अशी आहे, जिथे स्त्री-पुरुष आज खरोखर एकमेकांविरुद्ध स्पर्धा करतात. 2009 पासून काताच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यात दोन पुरुषांची, दोन स्त्रियांची किंवा एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी उतरू शकते आणि पंच सगळ्यांना एकाच मापाने गुण देतात. ज्या काताच्या चौकटीत स्त्रियांना अर्धशतक ठेवलं, त्याच काताने त्यांना बरोबरीची स्पर्धा दिली.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक ज्युदो आला. तीन स्त्रिया, तीन पुरुष. स्त्री स्त्रीशी लढते, पुरुष पुरुषाशी, पण गुण एकाच खात्यात जमा होतात. बुदोकान सभागृहात फ्रान्सने जपानला 4-1 असं हरवलं. 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा हेच दोन संघ 3-3 वर अडले आणि सोडतीने ठरलेल्या निर्णायक लढतीत टेडी रिनेरने फ्रान्सला सुवर्ण मिळवून दिलं. ज्या देशाच्या मुली कच्च्या, त्याच्या मुलांनाही आता हे सुवर्ण मिळत नाही. स्त्रियांना चांगले जोडीदार, चांगले प्रशिक्षक देणं ही आता मेहेरबानी उरलेली नाही. ती संघाची गरज झाली आहे. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने ज्युदोत नऊ वैयक्तिक सुवर्णं घेतली, पाच पुरुषांची आणि चार स्त्रियांची. हिफुमी आणि उता आबे या कोबेच्या भावाबहिणीने त्यांतली दोन एकाच दिवशी जिंकली.

पुढची वाट

कोदोकानच्या टोकियोतल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर आज 420 तातामींचा मुख्य दोजो आहे. बारा चटयांवरून इथवर आलेल्या संस्थेकडून आपल्या तालमींनी, कराटे-ज्युदोच्या वर्गांनी आणि शाळांच्या मैदानांनी घ्यावं असं पुष्कळ आहे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताने ज्युदोत तीन पदकं मिळवली. सुशीला देवी आणि तुलिका मान यांची रौप्यं, विजयकुमार यादवचं कांस्य. मुलींनी आपलं काम केलं आहे. आता प्रश्न आपल्या गावच्या वर्गांचा आहे. मुलीला जोडीला मुलगी नाही म्हणून कोपऱ्यात बसवतात की वजन पाहून मुलाबरोबर उभं करतात? तिला डाव शिकवतात की फक्त स्वसंरक्षणाचे चार हात दाखवून घरी पाठवतात? गादीशेजारी एक स्त्री प्रशिक्षक आहे का, जिच्याशी ती मोकळेपणी बोलू शकेल?

या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या वर्गात मुलींच्या बाजूने जातील, तिथल्या मुलींना पुरुषांना हरवून काही सिद्ध करत बसावं लागणार नाही. स्पर्धेत त्या आपल्या तोलामोलाच्या स्त्रियांशी लढतील, आणि सरावाला जो चांगला जोडीदार मिळेल त्याच्याशी. रस्टी कानोकोगीला यूटिकात एवढंच हवं होतं. ते तिथे मिळालं असतं, तर वेष बदलायची तिला गरजच पडली नसती.